एलिझाबेथ फ्राय, कैदी बायकांची गोधडी आणि आपल्याकडचे काळे पाणी

प्रश्न – पंचवटीकर

नमस्कार. आमच्या पंचवटीतील महिला वाचन मंडळात दर महिन्याला एकीने एका विषयाची मांडणी करायची असते. या वेळी माझी पाळी आहे आणि मी इंग्लंडच्या तुरुंगांतील कैदी बायकांसाठी काम करणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्यावर बोलायचे ठरवले आहे. निमित्त एका छायाचित्राचे झाले. १८४१ मध्ये ‘राजा’ नावाच्या जहाजातून १८० कैदी बायका इंग्लंडहून व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला, पाठवल्या गेल्या आणि वाटेत त्यांनी एक भली मोठी गोधडी शिवली. तिच्यात २,८१५ तुकडे आहेत आणि ती आता कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात जपून ठेवलेली आहे. माझी आई दर उन्हाळ्यात गच्चीवर जुनी लुगडी पसरून गोधडी शिवायला बसत असे, त्यामुळे ते छायाचित्र पाहून मला परक्या देशातले काही पाहतो आहोत असे वाटलेच नाही.

माझ्या शंका दोन आहेत. त्या बायकांना शिवणाचे सामान फ्राय यांच्या समितीने दिले होते. ज्या शिक्षेने या बायकांना घरादारापासून कायमचे तोडले, त्या शिक्षेविरुद्ध न लढता फक्त प्रवास सुसह्य करणाऱ्या बाईला आपण सुधारक म्हणावे का? दुसरी शंका आपल्याकडची आहे. नाशिकमध्ये काळे पाणी म्हटले की भगूर, सावरकर बंधू आणि सेल्युलर जेल आठवतात. कैदी म्हणून कोणी बाई डोळ्यांसमोर येत नाही. आपल्या बायकांना ही शिक्षा होत नव्हती का?

प्रतिसाद – गंगापूर रोड

ताई, पहिल्या शंकेचे उत्तर देण्याआधी फ्राय यांनी काय पाहिले ते मांडणीत जरूर सांगा. १७८० मध्ये इंग्लंडमधील नॉरिचच्या क्वेकर (साधी राहणी पाळणारा एक ख्रिस्ती पंथ) घरात जन्मलेल्या या बाई १८१३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात पहिल्यांदा गेल्या, तेव्हा सुमारे ३०० बायका आपल्या लेकरांसह दाटीवाटीने कोंडलेल्या होत्या; खटला चालायचा बाकी असलेल्या आणि फाशीची वाट पाहणाऱ्या अशा सगळ्या एकत्रच. त्यानंतर मधली काही वर्षे घरच्या अडचणींत गेली आणि नियमित काम १८१६-१७ च्या सुमारास सुरू झाले. त्यांनी पहिल्यांदा मुलांसाठी शाळा काढली, आणि ती शिकवायला बाहेरून कोणी न आणता कैद्यांतलीच एक बाई निवडली. पुढे शिवण आणि विणकाम आले. नियम करतानाही एकेक नियम वाचून दाखवला जाई आणि बायका हात वर करून संमती देत. ज्यांना आयुष्यात कोणी काही विचारले नव्हते, त्यांना तुरुंगात का होईना पण विचारले गेले, ही मला त्यांच्या साऱ्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

आता जहाजांविषयी. पूर्वी न्यूगेटच्या बायकांना बेड्या घालून उघड्या गाड्यांतून बंदराकडे नेत, रस्त्यावरचे लोक शिव्या देत, आणि निघण्याच्या आदल्या रात्री बायका संतापाने खिडक्या, सामान, हाताला लागेल ते फोडत. फ्राय यांनी बंद घोडागाड्यांचा आग्रह धरला आणि त्या स्वतः बरोबर गेल्या. १८१८ च्या ‘मारिया’ जहाजावर १२८ बायका होत्या. जहाज धक्का सोडेपर्यंत फ्राय आणि त्यांच्या सहकारी तिथे जात राहिल्या. बायकांचे बारा-बारांचे गट करून प्रत्येक गटाला त्यांच्यातलीच एक प्रमुख दिली. हे काम त्यांनी १८४५ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडले नाही आणि त्या काळात १०६ जहाजांवरच्या सुमारे १२,००० बायकांपर्यंत त्यांची मदत पोचली. १८२३ च्या तुरुंग कायद्याने स्त्री कैद्यांवर स्त्री पहारेकरी असावेत असे ठरले, त्यामागेही त्यांची साक्ष आणि खटपट होती.

आपला आक्षेप मात्र मी खोडून काढणार नाही. १७८८ ते १८५३ या काळात सुमारे २५,००० बायका ऑस्ट्रेलियात पाठवल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुतेकींचा गुन्हा किरकोळ चोरीचा होता. फाशीच्या शिक्षेविरुद्ध फ्राय मंत्र्यांपर्यंत गेल्या, परंतु हद्दपारीच बंद करा अशी चळवळ त्यांनी उभी केली नाही. हे स्पष्ट सांगूनही त्यांना सुधारक म्हणता येते, कारण ‘या बायका वाया गेलेल्या आहेत’ असे मानणाऱ्या काळात त्यांनी तसे मानायला नकार दिला.

प्रतिसाद – देवळालीची शिवणवाली

मी तीस वर्षे शिवणकाम करते, म्हणून गोधडीपुरते लिहिते. त्या समितीकडून प्रत्येक बाईला एक पिशवी मिळत असे. तिच्यात बायबल, दोन एप्रन, काळी सुती टोपी, सुया, टाचण्या, दोऱ्याच्या गुंड्या, कात्री, अंगुस्तान (बोटात घालायची टोपी) आणि सुमारे दोन पौंड, म्हणजे जवळपास एक किलो वजनाचे कापडाचे तुकडे असत. जिला बेड्या घातल्या होत्या, तिच्याच हाती आता कात्री दिली जात होती, याचा विचार करा. ठिगळे जोडण्याचे काम मांडीवर होते, त्याला जागा लागत नाही, अर्धवट गुंडाळून ठेवता येते आणि तीन-साडेतीन महिन्यांच्या प्रवासात रोज थोडे थोडे पुढे सरकते. उतरल्यावर ते विकून दोन पैसेही हाती येत.

‘राजा’वरच्या गोधडीच्या छायाचित्रात मधल्या चौकोनात फुले आणि पक्षी आहेत, आणि बाहेर पट्ट्यांमागून पट्ट्या आहेत. आपल्याकडेही गोधडी बाहेरून आत किंवा आतून बाहेर अशीच चौकटीचौकटींनी वाढते. काही ठिकाणचे टाके सराईत हाताचे आहेत, काही नवशिकीचे आहेत आणि कुठे कुठे रक्ताचे बारीक डाग आहेत. सुई बोटात गेल्याचे ते डाग असावेत असे मला वाटते. नवशिकीच्या हातून दुसरे काय होणार? ताई, मांडणीत हे डाग सांगायला विसरू नका.

प्रतिसाद – मखमलाबाद

दुसऱ्या शंकेचे उत्तर ‘होत होती’ असे आहे. १८५८ मध्ये अंदमानची वसाहत सुरू झाली आणि सेल्युलर जेल बांधून होण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे स्त्री कैदी होत्या. त्यांच्यासाठी वेगळी बराक असे, सूत आणि विणकामाची कामे असत आणि ठरावीक काळानंतर पुरुष कैद्यांशी लग्न करून वसाहतीत संसार थाटण्याची परवानगी मिळत असे. सरकारला वसाहत टिकवण्यासाठी बायका हव्या होत्या, ही गोष्ट ऑस्ट्रेलियातही होती आणि अंदमानातही.

आपल्या बायका कोणत्या गुन्ह्यांत जात, ते पाहिले की फरक कळतो. पुण्यात जोतीराव फुल्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. तिला फसवले गेले, दिवस गेले, आणि बाळंत झाल्यावर लोकलाजेच्या भीतीने तिने मूल मारून विहिरीत टाकले. तिला जन्मठेपेची, अंदमानची शिक्षा झाली. ज्याने फसवले त्याला काही झाले नाही. ही हकीकत फुल्यांनी स्वतः १८८४ मध्ये लिहून ठेवली आहे. या घटनेने हलून जाऊन जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, आणि १८८४ पर्यंत ३५ विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला याच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली, ती अपिलात काळ्या पाण्यावर आली, आणि त्या वेळी वर्तमानपत्रांतून बायकांवर जो चिखल उडाला, त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये जाहीर उत्तर दिले.

फ्राय जहाजाच्या धक्क्यापर्यंत गेल्या. फुले दांपत्याने काशीबाईसारखी दुसरी बाई त्या धक्क्यावर जाऊच नये म्हणून स्वतःच्या घराचे दार उघडे ठेवले. मी तुलना करून एकीला लहान ठरवत नाही, परंतु मंडळात दोघांचीही नावे एकाच दिवशी घेतली जावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पुन्हा – पंचवटीकर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. मी मांडणीचा क्रम बदलला आहे. सुरुवात काशीबाईपासून करणार आहे, कारण समोर बसलेल्या बायकांना न्यूगेटपेक्षा ती विहीर लवकर दिसेल, आणि तिथून फ्राय यांच्याकडे जाईन. आईची शेवटची गोधडी अजून माझ्या कपाटात आहे. तीही बरोबर नेईन, म्हणजे दोन पौंड तुकडे हातात घेतले की किती होतात, हे प्रत्येकीला पाहता येईल.