टाकीचा विषय, तिसऱ्यांदा

सी-५०३ (रात्री ९:०४) : मंडळी, गच्चीवरची टाकी आज परत वाहिली. एक कल्पना सुचलीय. टाकीत सेन्सर बसवायचा, पातळी मोबाइलवर दिसेल, टाकी भरली की पंप आपोआप बंद. कसं वाटतं?

ए-४०३ : उत्तम!

बी-३०४ : छान कल्पना.

डी-२०२ : मग पार्किंगच्या दिव्यांनाही सेन्सर लावू या.

सी-१०२ : त्यापेक्षा सगळ्याचं मिळून एक अ‍ॅपच का करू नये?

सचिव (९:३१) : मी जरा ग्रुपमध्ये मागे जाऊन शोधलं. टाकीतला सेन्सर याआधी दोनदा येऊन गेलाय. पहिल्यांदा जून २०२२ मध्ये. मांडणारे सी-५०३च. तेव्हाही १४ अंगठे पडले होते.

सी-५०३ : अरेच्चा. खरंच की.

सचिव : सूचनांच्या यादीत सध्या ४८ विषय आहेत. वर्षाला जेमतेम ४ मार्गी लागतात.

बी-२०१ (९:४६) : हे दोन आकडे वाचून राहवत नाही. मी कारखान्यात उत्पादनाचं नियोजन बघते, तिथे लिटलचा नियम रोज कामाला येतो. जॉन लिटल यांनी तो १९६१ साली गणिताने सिद्ध केला. रांगेत सरासरी किती कामं आहेत त्याला कामं उरकण्याच्या वेगाने भागायचं, की एक काम सरासरी किती काळ रांगेत राहतं ते कळतं. ४८ भागिले ४ म्हणजे १२ वर्षं! तेही जितकी कामं येतात तितकीच जातात असं धरलं तर. आपल्याकडे येतातच जास्त. कल्पना किती चांगली आहे याला त्या भागाकारात जागाच नाही. डी-२०२ आणि सी-१०२ यांनी आत्ता पाच मिनिटांत रांग आणखी लांबवली, राग मानू नका.

सी-१०२ : पण ताई, मग सुचवायचंच नाही का? उद्या खरंच काही भारी सुचलं तर?

ए-१०४ (१०:०२) : सुचण्याचा दुष्काळ कधी पडत नाही हो. पेनिसिलिनचंच बघा. फ्लेमिंगना १९२८ साली ती बुरशी दिसली, १९२९ ला निबंध छापून आला. पण त्यातलं औषध शुद्ध स्वरूपात काढणं काही जमेना, आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं विषय तसाच पडून राहिला. नंतर ऑक्सफर्डला फ्लोरी आणि चेन यांनी तोच जुना निबंध वाचून काम हातात घेतलं. त्यांचे सहकारी हीटली यांनी द्रव्य वेगळं काढायची पद्धत बसवली. बुरशी वाढवायला भांडी मिळेनात तेव्हा रुग्णालयातली बेडपॅनसुद्धा वापरली. मे १९४० मध्ये आठ उंदरांना जंतू टोचले, त्यातल्या चौघांना औषध दिलं. सकाळी औषध न दिलेले चारही मेलेले, दिलेले चारही जिवंत. मला त्या उंदरांपेक्षा बेडपॅनचं कौतुक जास्त वाटतं.

डी-२०२ : काका, फ्लेमिंगनी लिहून ठेवलं नसतं तर यांना मिळालं कुठून असतं?

ए-१०४ : बरोबर बोललात. यादी फेकून द्या असं मी म्हणतच नाही. पण त्यांनी काय केलं, काय दिसलं हे सगळं लिहिलं होतं. आपल्या यादीत नुसतं ‘सेन्सर’ लिहिलंय.

सी-५०३ (१०:१०) : खरं सांगू का, तेव्हा ग्रुपवर टाकलं, वाहवा झाली आणि माझ्यापुरतं काम झाल्यासारखंच वाटलं.

ए-३०१ (१०:१५) : मोबाइल-बिबाइल तूर्त राहू द्या. टाकी वाहू नये एवढंच हवंय ना? वरच्या टाकीत एक फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होऊन चालू-बंद होणारं बटण, खालच्या टाकीत एक. दोन्ही स्टार्टरच्या (पंप चालू-बंद करणाऱ्या पेटीच्या) कॉइलबरोबर सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडायचे, कुठलाही एक तुटला की पंप थांबतो. वरची भरली की पंप बंद, खालची आटली तरी बंद. खालचा टाळू नका. पंपाचं सील पाण्यानेच थंड राहतं, कोरडा फिरला की जळतं.

सचिव : केबल किती लागेल?

सचिव : कुणी मोजलंय का कधी?

बी-२०१ : आता ‘बघू’ कुणी लिहू नका, वेळ आणि जागा लिहा. गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञांचं यावर संशोधन आहे. नुसतं ‘करीन’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक वेळ झाली की अमुक ठिकाणी हे करीन’ असं ठरवलं तर ते पार पडायची शक्यता वाढते.

सी-५०३ : सकाळी ७ ला पंप सुरू होतो, तेव्हा मी पंपरूमपाशी थांबतो. ए-३०१, येता का?

ए-३०१ : येतो. टेप तुम्ही आणा.

सी-१०२ : अ‍ॅपचं मी मागे घेतो. सकाळी बॅटरी धरायला येतो.

सी-५०३ (सकाळी ७:४८) : मोजलं. स्टार्टरपासून वरच्या टाकीपर्यंत ३८ मीटर. जिन्यालगतच्या जुन्या पाइपातून केबल ओवता येईल. पंप थ्री फेज आहे. वरच्या टाकीचं झाकण मात्र गंजून बसलंय, तिघांनी ओढूनही उघडलं नाही.

सचिव : झाकण यादीत आहे. क्रमांक १७.

सी-५०३ : १७ खोडायची तयारी ठेवा. तेलाची बाटली घेऊन परत वर चाललोय.