धागा: आंतरराष्ट्रीय लवादात जायचंय? आधी पाच वर्षं साध्या दिवाणी कोर्टात काढा

पीकपाहणी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात ज्युनियर म्हणून काम मागायला चेंबरमध्ये चौघं येऊन गेली. तिघांचं उत्तर एकच: “सर, मला इंटरनॅशनल आर्बिट्रेशनच करायचंय.” म्हणजे लवाद: कोर्टाऐवजी दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या पंचांपुढे वाद चालवायचा, त्यांचा निर्णय म्हणजे निवाडा. सिंगापूरच्या लवाद केंद्राचे नियम तोंडपाठ होते, पण पिंजऱ्यातला साक्षीदार एकानेही पाहिलेला नव्हता. मी एकवीस वर्षं व्यापारी दावे आणि लवाद दोन्ही चालवतोय. सनद मिळाल्यावर पहिली पाच वर्षं दिवाणी कोर्टात काढल्याशिवाय या मुलांनी लवादाकडे वळू नये, असं मला मनापासून वाटतं.

का, ते एका प्रसंगातून सांगतो. लवाद गोपनीय असतो, म्हणून तपशील बदलले आहेत. रस्त्याच्या कामाचा वाद होता. ठेकेदार म्हणत होता की पावसामुळे २७ दिवस काम बंद होतं, मुदतवाढ द्या आणि नुकसानभरपाईही द्या. हिंडरन्स रजिस्टरमध्ये (कामातले अडथळे नोंदवायची वही) तशी नोंद होती, खाली दोन्ही बाजूंच्या सह्या होत्या. माझ्या बाजूचे लोक म्हणाले, हा मुद्दा गेला. मी सिमेंट रजिस्टर मागवलं. त्या २७ दिवसांपैकी ११ दिवशी गोदामातून गोण्या बाहेर गेल्या होत्या. ठेकेदाराच्या प्रोजेक्ट मॅनेजरला विचारलं, “या गोण्या कुठे गेल्या?” त्याने पान बराच वेळ पाहिलं. “मोरीच्या कामाला.” “मोरी याच ठेक्यातली ना?” “हो.” पुढे काही विचारलं नाही, खाली बसलो.

ही सवय मला तालुक्याच्या कोर्टात, वाटणीच्या दाव्यांत लागली. माझे सीनियर सातबारा हातात आला की वरची मालकी सोडून आधी खालची पीकपाहणी वाचत. जमीन कुणाच्या नावावर आहे ते सगळेच वाचतात, कसतंय कोण ते खाली कळतं. साक्षीदार अडखळला की थांबायचं कुठे, हेही मी तिथेच शिकलो, दोन दावे हरून.

मिरजकर (सिंगापूर)

सर, आदर ठेवून पूर्ण असहमत. तुम्ही सांगता ते दिवाणी कोर्ट तुमच्या पिढीला मिळालं. २००२ पासून सरतपासणी (साक्षीदाराची त्याच्याच बाजूने घेतलेली साक्ष) प्रतिज्ञापत्रावर होते आणि उलटतपासणी बरेचदा कोर्ट कमिशनरपुढे, म्हणजे साक्ष नोंदवायला कोर्टाने नेमलेल्या माणसापुढे. तेव्हा ज्याला निकाल लिहायचाय त्या न्यायाधीशाला साक्षीदाराचा चेहराच दिसत नाही. मी मुंबईत तीन वर्षं काढली. त्या काळात एकाही साक्षीदाराला स्वतः प्रश्न विचारला नाही. बोर्डावर (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) लक्ष ठेवलं, तारखा घेतल्या, फाइली उचलल्या.

इथे सुनावणीचे दोन आठवडे वर्षभर आधी ठरतात. दोन्ही बाजूंना सारखा वेळ मिळतो आणि घड्याळ लावून मोजला जातो. साक्षीदार बोलतो तसा त्याचा शब्दन् शब्द समोरच्या पडद्यावर उमटतो. दोन्हीकडचे तज्ज्ञ शेजारी बसवून लवाद त्यांना एकाच वेळी प्रश्न विचारतो. हे जिल्हा कोर्टात कुठे शिकणार? परदेशी वकीलही इथल्या लवादापुढे उभा राहू शकतो, त्यामुळे दार खरोखर उघडं आहे. पाच वर्षांनी येणाऱ्याच्या शेजारी पंचविशीतच पाच सुनावण्या पाहिलेली मुलं बसलेली असतात.

आणि कायदाही बदललाय. लवादाची सीट, म्हणजे त्याचं कायदेशीर ठिकाण, परदेशात असेल तर भारतातल्या कोर्टाला तो निवाडा रद्द करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या बाल्को निकालाने पक्कं केलं. व्होडाफोन आणि केर्न या कंपन्यांनी भारताच्या पूर्वलक्षी (मागच्या व्यवहारांवर नंतर लावलेल्या) कराविरुद्ध २०२० मध्ये निवाडे मिळवले, २०२१ मध्ये सरकारने ती तरतूदच मागे घेतली. ती लढाई देशादेशांतल्या गुंतवणूक करारांच्या कायद्यावर झाली. तिथे पीकपाहणी कामाला येत नाही.

पीकपाहणी

मिरजकर, कमिशनरबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि मला ते टोचतं. पण बाल्को अर्धाच सांगितलात. निवाडा रद्द होत नाही हे कबूल, पण पैसे कुठे असतात? प्रतिवादीची कंपनी भारतात, तिची खाती भारतात. वसुलीला शेवटी इथल्याच हायकोर्टात यावं लागतं आणि तिथे लवाद कायद्याच्या कलम ४८ खाली हरकती घेतल्या जातात. परदेशी निवाडे मानण्याच्या १९५८ च्या न्यूयॉर्क कराराने निवाड्याला मान दिला, वसुली करून दिली नाही.

अ‍ॅमेझॉन आणि फ्यूचरचं घ्या. फ्यूचर आपली दुकानं रिलायन्सला विकणार होती. ऑक्टोबर २०२० मध्ये सिंगापूरच्या आपत्कालीन लवादाने (मुख्य लवाद बसण्याआधी तातडीने नेमलेल्या) ती विक्री थांबवली. तो हुकूम भारतात लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुकानं रिलायन्सने ताब्यात घ्यायला सुरुवात केली. हुकूम अशिलाच्या हातात आणि दुकानं दुसऱ्याकडे. त्या दिवशी अशील ज्याला फोन करतो, त्या वकिलाला मनाई आणि जप्ती कशी मिळवतात हे माहीत लागतं.

पहिल्या_पिढीची

सर, मिरजकर दादा, तुम्ही दोघं काय शिकावं यावर बोलताय. शिकेपर्यंत खायचं काय, हे कुणीच बोलत नाही.

मी बीड जिल्ह्यातली, घरात कुणी वकील नाही. फोर्टमध्ये सीनियर महिन्याला आठ हजार देत. खाटेचं भाडं साडेसहा होतं. सीनियर वाईट नव्हते, त्यांनाही कुणी यापेक्षा जास्त दिलं नव्हतं. पण अशी पाच वर्षं तोच काढू शकतो ज्याच्या वडिलांचं मुंबईत घर आहे. मी चौदा महिन्यांनी एका फर्मच्या आर्बिट्रेशन टीममध्ये गेले, तेव्हा बाररूममध्ये “पैशामागे गेली” असं ऐकून घेतलं. अजून लागतं ते.

आता कामाचं सांगते. फर्ममध्ये माझं इंग्रजी सगळ्यांत कच्चं होतं. सुनावणी इंग्रजीत, लवादातले तिघेही इंग्रजीत विचार करणारे. पण साइटची डायरी मराठीत होती. भाषांतरकाराने दोन नोंदींचं भाषांतर एकच केलं होतं, ‘वर्क वॉज स्टॉप्ड’. मी मूळ पानं काढली. एका ठिकाणी होतं “काम बंद पडले”, दुसरीकडे “काम बंद ठेवण्यात आले”. बंद पडलं म्हणजे कुणाच्या इच्छेविना. बंद ठेवलं म्हणजे कुणीतरी ठरवून. उशीर कुणाच्या माथी, हा सगळा वादच त्यावर होता. पार्टनरने मला रात्री साडेदहाला त्यावर टिपण लिहायला बसवलं आणि दुसऱ्या दिवशी ते जसंच्या तसं वाचलं. हे मला ना दिवाणी कोर्टाने शिकवलं ना सिंगापूरने. आमच्या आजोबांनी शिकवलं, ते सोसायटीचे हिशेब ठेवायचे.

साइट_इंजिनियर

वकील नाही, पण तुमच्या या व्यवसायाचा खर्च उचलणाऱ्यांपैकी आहे. आमची छोटी बांधकाम कंपनी.

तुमची ज्युनियर मंडळी कुठेही शिकोत, मला एक सांगा. दिल्लीच्या एअरपोर्ट मेट्रोच्या वादात कंपनीला २०१७ मध्ये निवाडा मिळाला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने क्युरेटिव्ह याचिकेत (पुनर्विचारही फेटाळल्यावरचा शेवटचा उपाय) तो घालवला. सात वर्षं. रक्कम व्याजासह ८,००० कोटींच्या घरात गेलेली. एवढी मोठी कंपनी ते सोसते, आमच्यासारखा ठेकेदार तोवर यंत्रं विकून मोकळा होतो. त्यानंतर जून २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने सांगितलं की सरकारी ठेक्यांत लवादाचं कलम सरसकट घालू नका, साधारण १० कोटींच्या आतल्या वादांपुरतं ठेवा. म्हणजे मोठे वाद पुन्हा मध्यस्थीकडे नाहीतर कोर्टाकडे.

मला असा वकील हवाय जो पहिल्याच भेटीत सांगेल, “या मागणीत दम नाही, ही सोडा, या दोनच धरा.” आमच्या एका प्रकरणात अठरा मागण्या लावल्या होत्या. मंजूर झाल्या तीन. बाकी पंधरांवर दीड वर्ष आणि तिघा लवादांची फी गेली.

मिरजकर

साइट_इंजिनियर, अठरापैकी पंधरा टाकून द्यायला लागणारी हिंमत तरुण वकिलात येत नाही हे मान्य. पण ती पाच वर्षं तारखा घेऊनही येत नाही. निवाडे वाचून येते, आणि आपली मागणी कशी फेटाळली गेली ते समोर बसून पाहिल्यावर येते.

पहिल्या_पिढीची, बंद पडले आणि बंद ठेवले हे मी माझ्या टीमला उद्याच दाखवणार आहे.

पीकपाहणी

पहिल्या_पिढीची, तुमचं वाचून दोन दिवस उत्तर दिलं नाही. माझी पाच वर्षं वडिलांच्या पगारावर निघाली, हे मी कधी मोजलंच नव्हतं. पाच वर्षांचा आग्रह मागे घेतो. दोन वर्षांचा ठेवतो, आणि तोही पोटापुरता पगार मिळत असेल तरच. माझ्याकडे पुढच्या महिन्यापासून नव्या ज्युनियरला तीस हजार.

मिरजकर, तुमच्याशी मात्र अजून पटत नाही. निवाडे वाचून काय टाकायचं ते कळेल. २७ दिवसांची नोंद सह्यांनिशी समोर असताना सिमेंट रजिस्टर मागवायचं कसं सुचतं, ते निवाड्यात लिहिलेलं नसतं.

पहिल्या_पिढीची

सर, तीस हजारांत तालुक्याच्या कोर्टातही पाठवणार का? की फक्त हायकोर्ट?

पीकपाहणी

महिन्यातून चार दिवस तालुक्याला. एसटीचं भाडं चेंबरचं.