मदत हवी आहे : इतिहासाच्या गप्पा आणि गाणं, एकाच संध्याकाळी

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या वस्तीत आम्ही काही जण महिन्यातून एकदा कार्यक्रम करतो. आधी इथल्या इतिहासावर अर्धा तास कुणीतरी बोलतं, मग गाणं-वाजवणं. माणसं आवर्जून येतात.

पण सभागृह फार घुमतं. घुमणारा आवाज १ सेकंदाच्या आत विरला तर भाषणातले शब्द सुटे कळतात. गाण्याला दीड-दोन सेकंदही चालतात. आमच्याकडे टाळी वाजवली की ती भिंतींवर आपटतच राहते. जाड पडदे लावले, थोडा फरक पडला. स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला सरकवल्यावर माइक चालू असताना स्पीकरमधून येणारी शिट्टी मात्र बंद झाली.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. एक आजी घरी जुन्या विहिरीबद्दल तासभर भरभरून बोलल्या होत्या. माइक हातात दिला आणि त्या दोन वाक्यांत थांबल्या. दुसऱ्या हातातला जुना फोटो थरथरत होता. मला फार वाईट वाटलं.

अशा वेळी समोर बसून कुणी प्रश्न विचारावेत का? की गाणं आधी ठेवावं, म्हणजे बोलणाऱ्याची भीड चेपेल? पण मग गाणं संपताच लोक उठून गेले तर? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा, पुढचा कार्यक्रम जवळ आलाय.