बार्शी लाइट रेल्वे: कोळशाच्या छोट्या गाडीने पंढरपूरला गेलेलं कुणी आहे का?

लातूरची_मीरा:
आजी लग्नानंतर पहिल्यांदा पंढरपूरला गेली ती छोट्या गाडीने. रूळ एवढे अरुंद का होते म्हणून विचारलं, तर म्हणाली, "गरिबाची गाडी, दुसरं काय." खरंच एवढंच कारण होतं का?

बार्शीकर:
रुळांमधलं अंतर अडीच फूट. कुर्डुवाडी ते बार्शी 1897, पंढरपूर 1906, लातूर 1911, मिरज 1927. मोठी लाइन बार्शीला न शिवताच गेली होती, म्हणून हा फाटा.

कुर्डुवाडीचा_फिटर:
मीराताई, आजींना माझा नमस्कार सांगा, पण गरिबाची गाडी म्हणून तिला कमी लेखू नका. माझे वडील इथल्याच वर्कशॉपमध्ये होते, मीही तिथेच हात काळे केले. ही लाइन एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने आखली. रूळ हलके, एक यार्ड लांबीला 30 पौंड वजनाचे. म्हणून त्याने ठरवलं, इंजिन असो वा वाघीण, एका आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये. सुरुवातीची किटसन कंपनीची इंजिनं बघा: ओढणारी चाकंच आठ, मागे आणखी चार. वजन वाटून दिलं की हलका रूळही दबत नाही. वडील हे सांगताना पाटावर बोटाने चाकं काढून दाखवायचे.

आणि प्रवास! आषाढीला डब्यात पाय ठेवायला जागा नसे, टपावरही माणसं. मी हट्टाने खिडकीशी बसायचो आणि मोडनिंब यायच्या आत डोळ्यात कोळशाचा कण गेलेला असायचा. आई पदराचा बोळा करून त्यावर तोंडाची वाफ द्यायची आणि डोळ्यावर दाबून धरायची. तो ऊबदार, ओला पदर मला अजून आठवतो. पंढरपूरला उतरेपर्यंत पांढऱ्या सदऱ्यावर बारीक काळे ठिपके पडलेले असत. चंद्रभागेत आधी सदरा बुचकळायचा, मग आपण.

2001 साली पंढरपूरची लाइन रुंद झाली. गाड्या वाढल्या, सोय झाली, ते चांगलंच झालं. पण छोटे रूळ उखडत होते तेव्हा मी तिकडे फिरकलो नाही.

लातूरची_मीरा:
काका, आजीला सगळं वाचून दाखवलं. पदराचं आलं तिथे म्हणाली, "पुन्हा वाच." मग सांगितलं, माझे बाबा तान्हे होते, त्यांच्या तोंडावर ती ओलं धडपं धरून बसली होती, थेट पंढरपूरपर्यंत.

कुर्डुवाडीचा_फिटर:
बरोबर. लेकुरवाळ्या बाया तसंच करायच्या. आजींना विचारा, इंजिनाकडे पाठ करून बसल्या होत्या का? जाणती माणसं तीच जागा धरायची.