मदत हवी आहे: पैठणच्या शालिवाहनाची गोष्ट

नमस्कार मंडळी. माझी आजी पैठणची. ती सांगायची, कुंभाराघरी वाढलेला शालिवाहन मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करायचा. विक्रमाचं सैन्य चालून आलं तेव्हा तेच जिवंत होऊन लढले. सांगता सांगता कणकेचा एक घोडा माझ्या तळहातावर ठेवायची. सातवाहनांची राजधानी, १५९९ मध्ये संत एकनाथांनी ठेवलेला देह, हे पुस्तकांत मिळतं. पण गोष्टीतला नागाचा भाग मी पार विसरले, आणि आजी आता नाही. पैठणकरांनो, तुमच्या घरी तो कसा सांगतात? गोदाकाठच्या नागघाटाशी जोडतात का, की तिथे ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले एवढंच? थोरामोठ्यांकडून ऐकलेलं त्यांच्याच बोलीत लिहा, जमल्यास रेकॉर्ड करून पाठवा. लेकीला सांगायची आहे.