बोटीवरचं जेवण, तुर्की नाच आणि आमच्या सासूबाई (तुमचेही अनुभव लिहा)

ओसरी

दिवाळीच्या साफसफाईसाठी काल माळ्यावर चढले. जुन्या तांब्या-पितळेच्या मागे, साडीच्या फडक्यात गुंडाळलेली एक बशी हाताला लागली. बशीवर फोटो छापलाय. मध्ये सासूबाई, स्वेटर, कानटोपी, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. त्यांच्या खांद्यावर हात टाकून टिकल्याटिकल्यांच्या कपड्यातली बेली डान्सर. कडेला अर्धा कापला गेलेला माझा नवरा, मन लावून सॅलडकडे बघतोय. खाली सोनेरी अक्षरात इस्तंबूल.

फेब्रुवारी २०२०. परत आलो आणि महिन्याभरात सगळं जग बंद झालं, त्यामुळे ती सहल जरा जास्तच लक्षात राहिली. टूरमध्ये 'बॉस्फरस डिनर क्रूझ विथ टर्किश नाइट' होतं (बॉस्फरस म्हणजे इस्तंबूलच्या मधून जाणारी सामुद्रधुनी). सासूबाईंचा पहिला प्रश्न, "जेवायला बोटीत कशाला? हॉटेलात पूर आलाय का?"

काबाताशच्या धक्क्यावरून बोट सुटली. चढतानाच एकाने कॅमेरा रोखून फटाफट फोटो काढले. ते फुकट नसतात हे बशी समोर आल्यावर कळलं. खिडकीतून 'दोल्माबाहचे' राजवाडा, ओर्ताक्योयची मशीद, रंग बदलणारा पूल, सगळं एकामागून एक सरकत होतं. आत आधी लोकनृत्यं झाली, मग दिवे लाल झाले आणि ती आली. आमच्या ग्रुपातले तमाम पुरुष एकदम मेन्यूकार्ड वाचायला लागले.

सासूबाई ३१ वर्षं शाळेत पीटी शिकवायच्या. मुलींची लेझीम त्याच बसवायच्या. त्यांची नजर कायम आधी पायाकडे जाते. मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "तिच्या टाचेला पट्टी आहे बघ." खरंच होती. कातडीच्या रंगाची चिकटपट्टी, एक कड सुटलेली, आणि प्रत्येक गिरकीला ती कड गालिच्यावर घासत होती. तोंडावर मात्र हसू जराही हललं नव्हतं.

बोट लागल्यावर धक्क्यावर ती दिसली. लांब जाड कोट, केस बांधलेले, हातात सिमित (तिळाची कडक रिंग असते तशी). सासूबाई सरळ तिच्यापुढे गेल्या, पर्समधून संक्रांतीच्या उरलेल्या तिळाच्या वड्यांची पुडी काढून दिली, टाचेकडे बोट दाखवलं आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "हळद लाव." त्या मुलीने त्यांचा हात धरला, ओठाला लावला, मग कपाळाला लावला. मोठ्यांना तिथे तसंच करतात म्हणे. नवरा इतकंच म्हणाला, "आई, तिने नमस्कार केला तुला."

तुमचेही लिहा. क्रूझ पाहिजेच असं नाही, तुर्की नाच कुठेही बघितला असेल तरी चालेल.

कर्जत_लोकल

माणशी किती पडलं? पुढच्या एप्रिलचं बघतोय.

ताकतुंबा

कसलं गोड लिहिलंय. कुकर लावलाय, शिट्ट्या मोजतेय, नंतर सविस्तर लिहिते.

बंड्या_नागपूरचा

आमच्या बोटीवर 'व्हॉलंटिअर पाहिजे' म्हणाले आणि माझ्या सख्ख्या साळ्याने माझा हात वर केला. पुढचं विचारू नका. माझ्या कमरेला घुंगरांचा रुमाल बांधला, ती बाई म्हणे फक्त कंबर हलव, खांदे नको. इथे दोन्ही एकदमच हलतात हो, वेगवेगळी वायरिंगच नाहीये. बायकोने व्हिडिओ काढला. साक्षगंध असो, सत्यनारायण असो, टीव्हीला लावून दाखवते. मागच्या महिन्यात गुरुजींनी पण पाहिला.

ओसरी

बंड्याभाऊ 😂 गुरुजी काय म्हणाले?

बंड्या_नागपूरचा

दक्षिणा वाढवून मागितली.

मीठभाकर

शाकाहारींसाठी लिहिते. आम्ही 'व्हेज' सांगितलं होतं. ताटात काय आलं तर सगळ्यांच्याच प्लेटमधला मासा उचलून घेतलेला, बाकी तेच. गाजर, फ्लॉवर, बटाटा, भात. पण त्याआधी जे छोट्या छोट्या वाट्यांतून मेझे येतात ना, त्यावरच पोट भरा. हायदारी म्हणजे आपला चक्का, त्यात लसूण आणि पुदिना. मी वरून मेतकूट टाकलं (पिशवीत होतंच). शेजारच्या टेबलावरच्या अर्जेंटिनाच्या आजींनी चव घेतली आणि डबी परत येईना. भाजलेल्या वांग्याचं भरीतही होतं. फोडणी नाही, पण वांगं अगदी चुलीत भाजल्यासारखं. सिगारा ब्योरेक नावावरून घाबरू नका, आत चीज असतं. जैन असाल तर मात्र घरून नेलेलंच खा, उगाच वाद घालू नका.

आणि ते राकी. पाणी घातलं की पांढरंफेक होतं. आमच्या ह्यांना वाटलं आयरान (ताक) आलं. मोठा घोट घेतला.

खिडकीवाली

मग??

मीठभाकर

मग काय. 'हालाय' म्हणून रांगेतला नाच असतो, त्यात सगळ्यात पुढे हेच होते.

निवांत_काका

थोडा कडू बोलतो, राग मानू नये. आम्ही गेलो त्या बोटीवर पहिल्या कार्यक्रमात पांढऱ्या घेरदार झग्यातला दरवेश (सूफी साधक) गोल फिरत होता आणि वेटर त्याच्या बाजूने बिअरचे ग्लास घेऊन जात होते. मला जेवण गेलं नाही. तो नाच नाहीच, तिथे त्याला 'सेमा' म्हणतात, सूफी संतकवी मौलाना रूमींच्या परंपरेतली ती उपासना आहे. डोक्यावरची उंच टोपी म्हणजे थडग्याचा दगड, पांढरा झगा म्हणजे कफन, आणि सुरुवातीला अंगावरून टाकतात तो काळा अंगरखा म्हणजे कबर. उजवा तळहात आकाशाकडे, डावा जमिनीकडे. वरून घ्यायचं, खाली द्यायचं, स्वतःजवळ काही ठेवायचं नाही. १९२५ साली कायद्याने सूफी पंथांचे मठ बंद झाले, पुढे सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून सेमा परत आला, २००८ पासून युनेस्कोच्या यादीतही आहे. उद्या वारीतली फुगडी कुणी परमिट रूममध्ये ठेवली तर आपल्याला कसं वाटेल?

बघायचंच असेल तर इस्तंबूलमधल्या गलाता मेवलेवीहानेत (या पंथाचा जुना मठ) बघा, किंवा डिसेंबरात रूमींच्या कोन्या शहरात जा. १७ डिसेंबर ही रूमींची पुण्यतिथी, तिला ते 'लग्नाची रात्र' म्हणतात. तिथे टाळ्यासुद्धा वाजवत नाहीत.

दुबईकर_मामी

काका आमच्याकडे दुबईत क्रीकवरच्या धाऊ (लाकडी गलबत) क्रूझवर पण हाच डान्स असतो, झग्याला लाइट लावलेले असतात, तो झगा डोक्यावरून काढून छत्रीसारखा फिरवतो. पाहुणे आले की न्यावंच लागतं. आत्तापर्यंत अकरा वेळा बघितलाय. मला आता त्याच्याबरोबर गरगरतं.

निवांत_काका

मामी, तो तनुरा, इजिप्तचा. मूळ सूफीच, पण रंगीत झगे आणि लाइट तिकडचे. तुर्कीवाला पांढराच असतो आणि काही फेकत-बिकत नाही.

दुबईकर_मामी

असू दे. बाराव्यांदा परवा जातेय. नणंद येतेय.

ताकतुंबा

आले. वरणभात झाला. तर आमचं बोटीवर नाही, कपाडोकियाला गुहेतल्या हॉटेलात झालं, पण नाच तेच. मला सगळ्यात काय आवडलं असेल तर हालाय. करंगळीत करंगळी अडकवून रांग, पहिला माणूस रुमाल गरागरा फिरवतो. ढोल आणि झुर्ना. झुर्ना म्हणजे सनईच, जरा भसाडी. तो आवाज आला आणि माझ्या आत्याने पदर खोचला. तिला वाटलं वरात आली. दोन पावलं पुढे, एक मागे, लाथ. लगेच जमलं तिला. मंगळागौरीत वर्षानुवर्षं काढली आहेत, पिंगा असो की हालाय, पाय ऐकतातच.

एक झेयबेक म्हणून पुरुषांचा नाच होता, फार संथ. हात घारीच्या पंखासारखे पसरायचे, हळू गुडघा जमिनीला टेकवायचा. शिट्ट्या कमी पडल्या पण मला तो रात्रभर डोळ्यासमोर होता. नंतर दोन जणांनी उघड्या पोटावर तोंडं रंगवली, टोपल्यात डोकी लपवली आणि पोटं नाचवली. पोरं खुर्चीवरून पडली हसून.

मेंदीचा प्रसंग पण करतात. नवरीच्या डोक्यावर लाल ओढणी, ती मूठ उघडतच नाही. सासूने तळहातावर सोन्याचं नाणं ठेवलं की मगच उघडते. आत्या मला म्हणाली, "तू उगाच उघडलीस."

शेंगदाणा

काबाताशहून निघालं की समोर पाण्यातच छोटा दिवे लावलेला बुरूज दिसतो, कझ कुलेसी, मुलीचा मनोरा. गाइडने गोष्ट सांगितली. राजाला भविष्य कळलं की मुलगी साप चावून मरणार, म्हणून तिला पाण्यातल्या मनोऱ्यात ठेवली, आणि फळांच्या टोपलीतून साप आलाच. मी पटकन म्हणालो की ही तर परीक्षित राजाची गोष्ट, बोरातून अळी होऊन तक्षक आला तीच. गाइड म्हणाला हू इज परीक्षित. आजोबा जवळ असते तर त्याला सप्ताहच लावला असता.

कर्जत_लोकल

अहो ते माणशी किती…

मालवणी_खाजा

मी तुमच्या खिडकीच्या पलीकडचा माणूस. मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर. बॉस्फरसमधून सात-आठ वेळा गेलोय, पाय एकदाही लागलेला नाही.

काळ्या समुद्रातून धान्य भरून खाली येतो आम्ही. ३१ किलोमीटरची सामुद्रधुनी, पायलट (तिथला वाट दाखवणारा जाणकार) चढतो आणि दीड-दोन तास ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, कोणी मोठ्याने बोलत नाही. तुम्हाला गुळगुळीत पाणी दिसतं ना, वरचा प्रवाह दक्षिणेकडे खेचत असतो आणि खाली तळाला उलटा प्रवाह उत्तरेकडे. येनिक्योयला जवळजवळ काटकोनात वळायचं, ८० अंश. मग कांदिलीला ४५ अंश, आणि तिथेच ती सगळ्यात अरुंद जागा, ७०० मीटर. एका बाजूला रुमेली हिसारी किल्ला, सुलतान मेहमदने १४५२ मध्ये चारेक महिन्यांत बांधला, समोर अनातोलियाचा जुना किल्ला. मधून कोणाचं गलबत सोडायचं नाही म्हणून बांधले. आज १८० मीटरचं जहाज घेऊन जाताना वाटतं, तेव्हाच्यांना जागा बरोबर कळली होती.

आणि नेमकं त्या वळणावर तुमच्या जेवणाच्या बोटी. निळे-जांभळे दिवे, गाणी, पायलट सारखा रेडिओवर तुर्कीत काहीतरी ओरडतोय. एकदा एक बोट आमच्यापासून इतकी जवळून गेली की दुर्बिणीतून आतलं स्टेज दिसलं. लाल कपड्यात कोणीतरी गिरक्या घेत होतं. डीजेचा आवाज आमच्या ब्रिजवर येत होता, आणि मग एकदम हिंदी गाणं सुरू झालं. देशादेशाच्या पाहुण्यांसाठी लावतात बहुतेक. हेल्म (सुकाणूचं चाक) धरलेला पोरगा देवगडचा, त्याचा पाय हलायला लागला. कॅप्टनने नुसतं बघितलं.

नंतर मार्मारा समुद्रात शिरून शहरालगत आहिरकापीला नांगर टाकला. समोर झगमगतं शहर. आम्ही जेवलो, डाळभात आणि लोणचं. ओसरीताई, तुमच्या वर्षीच्या फेब्रुवारीतलंच आहे हे. तारीख लॉगबुकात होती, आता आठवत नाही.

ओसरी

खाजाभाऊ, काटा आला. आमच्या टेबलाचं पण हिंदी गाणं लावलं होतं हो.

खिडकीवाली

काय सांगता!! लाल कपडे होते का ताई??

ओसरी

बशीवर तर मोरपंखी आहेत. पण त्या दिवशी तीन जणी होत्या.

गच्चीवरून

आमचं मे २०२५ चं बुकिंग होतं, रद्द केलं, व्हिएतनामला गेलो. तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून तेव्हा पुण्यात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदंसुद्धा बंद केली होती, आठवत असेल. अजून जायची इच्छा होत नाही.

निवांत_काका

समजू शकतो. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे टाचेवर हळद चाललीय.

गच्चीवरून

बरोबर. व्हिएतनामला पण बोटीवर जेवलो. भाताशिवाय काही ओळखता आलं नाही.

शेंगदाणा

एक अवांतर. तिथल्या तोपकापी राजवाड्याचं नाव ऐकून बाबा म्हणाले 'तोफेचा दरवाजा'. आम्ही हसलो, तर गाइड म्हणाला करेक्ट. तोफ शब्द मुळात त्यांचाच. त्यानंतर बाबा दिवसभर पाट्या वाचत होते. साबून, हवा, दुनिया, मैदान. संध्याकाळी बोटीवर वेटरला म्हणाले, "हाजिर?" तो म्हणाला, "हाझर!" आणि जेवण आलं. तेव्हापासून बाबांना तुर्की येतं.

मीठभाकर

😂😂

ओसरी, त्या वड्यांची कृती द्या ना. सहा-सात आठवडे टिकलेली तिळाची वडी म्हणजे पाक नक्की पक्का असणार.

ओसरी

सहा नाही, संक्रांत ते ती रात्र म्हणजे चार-पाच. सासूबाई मोजमाप सांगत नाहीत, "गूळ ओरडायला लागला की तीळ टाक" म्हणतात. गूळ ओरडतो म्हणजे काय हे मला बावीस वर्षांत कळलेलं नाही. उद्या समोर बसवून व्हिडिओ काढते.

आणि हो, काल बशी दाखवली त्यांना. चष्मा लावला, फोटो जवळ घेतला, बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं भरून आलं. म्हणाल्या, "पाय कापलाय फोटोत. फोटो काढताना पाय आले पाहिजेत." बशी आता मिसळणाच्या डब्याशेजारी उभी आहे.

कर्जत_लोकल

वा. छान धागा. माणशी किती पडलं ते कोणीतरी सांगा आता.

बंड्या_नागपूरचा

दादा, युरोत सांगतात, कारण लिराचा भाव रोज बदलतो. घ्यायला-सोडायला गाडी धरूनच भाव ठरवा, पेयं वेगळी. आणि बशी, बशी धरू नका. ती समोर आणलीच तर आधी किंमत विचारा, मग हसा.