अभ्यासिकेच्या १२ उबुंटू मशीनवर बाहेरचे पीपीए आहेत, ठेवायचे की काढायचे?

महाल_अभ्यासिका:
नागपूरला महालात आमची अभ्यासिका आहे. १२ डेस्कटॉप, सगळ्यांवर उबुंटू २२.०४ (लिनक्स). ज्याने सेटअप केला त्याने प्रत्येक मशीनवर चार पीपीए (बाहेरच्या लोकांच्या सॉफ्टवेअर रिपॉझिटरी) टाकून ठेवलेत: लिबरऑफिस, ओबीएस (स्क्रीन रेकॉर्डिंगचं), मराठी कीबोर्ड-फॉन्टचा एक आणि थीमचा एक. शिवाय कॅनन एलबीपी २९०० प्रिंटरसाठी कुठून तरी उतरवलेली डेब फाइल (इन्स्टॉल करायचं पॅकेज). पोरं याच मशीनवर एमपीएससीचे अर्ज भरतात, आधार अपलोड करतात, फी भरतात. अपडेट तर विनातक्रार होऊन राहिले. एपीटी (पॅकेजेस उतरवून बसवणारा प्रोग्राम) पॅकेजची सही तपासतं ना, मग धोका नेमका कुठे? आणि पीपीएच्या फाइली उडवल्या की झालं का?

धंतोली_टर्मिनल:
भाऊ, सही तपासली जाते, पण त्यातून एवढंच कळतं की पॅकेज ज्या रिपॉझिटरीच्या किल्लीने सही झालं तिथूनच आलं आणि वाटेत कोणी बदललं नाही. आत काय भरलंय याची हमी सही देत नाही. लाँचपॅडवर (पीपीए ठेवायची साइट) खातं उघडून कोणीही पीपीए काढू शकतो, उबुंटूवाले तो तपासत नाहीत.

डेब पॅकेजमध्ये प्रीइन्स्ट, पोस्टइन्स्ट अशा स्क्रिप्ट असतात आणि इन्स्टॉल होताना त्या रूट म्हणून, म्हणजे मशीनच्या पूर्ण अधिकाराने चालतात. प्रोग्राम उघडायचीही गरज नाही. फ्री डाउनलोड मॅनेजरचं प्रकरण बघा, कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये उघड केलेलं. साइटवरून काही लिनक्सवाल्यांना दुसऱ्याच डोमेनवरची डेब फाइल मिळत होती. तिच्या पोस्टइन्स्टने /व्हार/टीएमपी मध्ये क्रॉन्ड नावाची फाइल ठेवली आणि /ईटीसी/क्रॉन.डी (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) मध्ये ‘कलेक्ट’ नावाचं काम टाकलं, दर १० मिनिटांनी ती फाइल चालवणारं. डाउनलोड मॅनेजर मात्र व्यवस्थित चालत होता, म्हणून लोकांना वर्षानुवर्षं पत्ता लागला नाही. ‘विनातक्रार’ या शब्दावर फार विसंबू नका, ते एवढ्यासाठीच.

दुसरी गोष्ट आवृत्तीच्या आकड्याची. अधिकृत रिपॉझिटरी आणि पीपीए, दोघांची प्रायॉरिटी (एपीटीच्या पसंतीचा क्रम) ५००. बरोबरी झाली की एपीटी मोठ्या आकड्याची आवृत्ती उचलतं. म्हणजे थीमच्या पीपीएमध्ये उद्या मोठ्या आकड्याचं ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) आलं, तर पुढच्या अपग्रेडला तेच बसेल.

फाइली उडवून भागणार नाही. बसलेली पॅकेजेस तशीच राहतात, आणि त्यांचा आकडा अधिकृतपेक्षा मोठा असल्यामुळे उबुंटूचे सुरक्षा अपडेट त्यांच्यावर बसतच नाहीत. ती वाऱ्यावर राहतात, आणि माझ्या मते पीपीए चालू असण्यापेक्षा हे वाईट. त्यासाठी पीपीए-पर्ज वापरा. ते पॅकेजेस अधिकृत आवृत्तीवर मागे आणतं. पीपीए चालू असतानाच चालवा; आधीच काढला असेल तर परत जोडून मग चालवा, नाहीतर त्याला यादी सापडत नाही. शेवटी ‘एपीटी लिस्ट ~ओ’ (ओ हे इंग्रजी छोटं अक्षर) टाका. कुठल्याच रिपॉझिटरीत नसलेली पॅकेजेस दिसतील, त्यात ती प्रिंटरची डेबही सापडेल.

कीबोर्डचा पीपीए तर लागतच नाही. आयबस-एम१७एन (मराठी टायपिंगसाठी) आणि लोहित देवनागरी फॉन्ट उबुंटूतच आहेत.

सदर_सिसअॅडमिन:
वरच्याला जोड. २२.०४ वर पीपीएची सहीची किल्ली ट्रस्टेड.जीपीजी.डी या फोल्डरमध्ये जाते, आणि तिथली किल्ली सगळ्याच रिपॉझिटरींना चालते. थीमच्या पीपीएच्या किल्लीने सही केलेली यादी उबुंटूच्या नावावरही खपू शकते. म्हणून किल्ली /ईटीसी/एपीटी/कीरिंग्ज मध्ये हलवा आणि त्या रिपॉझिटरीच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ लिहून तिथेच बांधून टाका. २४.०४ मध्ये पीपीए जोडताना हे आपोआप होतं.

ओबीएसचा पीपीए ठेवायचाच असेल तर /ईटीसी/एपीटी/प्रेफरन्सेस.डी मध्ये दोन नोंदी करा: त्या पीपीएच्या सगळ्या पॅकेजेसना प्रायॉरिटी -१०, आणि नाव घेऊन फक्त ओबीएस-स्टुडिओला ५००. ‘अनमेट डिपेंडन्सीज’ (लागणारी लायब्ररी मिळत नाही) आलं तर जी लायब्ररी मागते तेवढीच नावाने वाढवा. वैतागून तारांकनाला (*, म्हणजे सगळ्या पॅकेजेसना) ५०० देऊ नका, मग नोंद असून नसल्यासारखी. ‘एपीटी-कॅशे पॉलिसी ओपनएसएसएल’ टाकून पीपीएच्या ओळीपुढे -१० दिसतं का ते पाहा. पीपीएत ते पॅकेजच नसेल तर ती ओळ दिसणार नाही.

मात्र हे समजून घ्या: ज्या पॅकेजला ५०० दिले त्याची पोस्टइन्स्ट अजूनही रूटच आहे. अशा पिनिंगमुळे (प्रायॉरिटी बांधल्याने) दार अरुंद होतं, बंद होत नाही.

जुनी रिपॉझिटरी सोडून देणं हाही धोका. डेबियन-मल्टिमीडिया.ऑर्ग हे डोमेन मालकांनी सोडलं आणि कोणा अनोळखी माणसाने घेतलं, तेव्हा २०१३ मध्ये डेबियनला (उबुंटू ज्यावर बेतलंय ते लिनक्स) लोकांना त्या रिपॉझिटरीची ओळ काढायला सांगावं लागलं. आर्च लिनक्सच्या एयूआरमध्येही (वापरणाऱ्यांनीच टाकलेली पॅकेजेस) २०१८ साली वाली नसलेलं अॅक्रोरीड पॅकेज एकाने दत्तक घेऊन त्यात बाहेरची स्क्रिप्ट उतरवणारी ओळ घुसवली होती.

महाल_अभ्यासिका:
लिबरऑफिस, थीम, कीबोर्ड तिन्ही काढतो. प्रिंटरचं काय करू? २९०० ला त्या ड्रायव्हरशिवाय चालत नाही.

धंतोली_टर्मिनल:
बरोबर, त्याला कॅप्ट ड्रायव्हर लागतो. तो कॅननच्या साइटवरूनच घ्या आणि १२ ठिकाणी टाकू नका. प्रिंटर ज्याला जोडलाय त्या एकाच मशीनवर ड्रायव्हर टाकून कप्समधून (लिनक्सची प्रिंट व्यवस्था) शेअर करा, बाकी ११ मशीन नेटवर्कवरून प्रिंट देतील. त्या मशीनवर पोरांना अर्ज भरायला बसवू नका.

टाकण्याआधी फाइल उघडून बघा. ‘डीपीकेजी-डेब -सी’ ने फाइलींची यादी, ‘-ई’ ने स्क्रिप्ट वेगळ्या फोल्डरमध्ये निघतात. यादीत क्रॉन.डी किंवा सोर्सेस.लिस्ट.डी (रिपॉझिटरींच्या नोंदी) दिसलं, परवानग्यांत ‘आरडब्ल्यूएस’ (मालकाच्या, बहुधा रूटच्या, अधिकाराने चालणारी फाइल) दिसलं, किंवा पोस्टइन्स्टमध्ये कर्ल, डब्ल्यूगेट (नेटवरून फाइल उतरवणाऱ्या कमांड) दिसलं तर थांबा आणि ती ओळ इथे टाका.

सदर_सिसअॅडमिन:
जुन्या डेबचा उगम माहीत नाही ना? मग पीपीए-पर्ज किंवा ‘रिमूव्ह’वर विसंबू नका. पॅकेज काढलं तरी पोस्टइन्स्टने बाहेर टाकलेलं तसंच राहतं. आधी /ईटीसी/क्रॉन.डी, /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम (आपोआप सुरू होणाऱ्या सेवा) आणि रूटची ऑथोराइज्ड-कीज फाइल (बाहेरून लॉगिन करायच्या किल्ल्या) बघा. तिथे ओळख न पटणारं काही दिसलं तर मशीन फॉरमॅट करा आणि त्यावर वापरलेले पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलायला पोरांना सांगा. एका मशीनवर सगळं नीट बसवून त्याची क्लोनझिलाने इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) काढली, तर बाकीच्या मशीनना फार वेळ लागणार नाही.